विषाची परीक्षा

भाचीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. "आत्या, झोपली नाहीस ना?" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. २०२१ चा डिसेंबर होता. पाळी चुकून तीन आठवडे झाले होते, संध्याकाळी घरीच चाचणी केली आणि दोन रेघा उमटल्या. लग्नाला चार वर्षं होऊन गेलेली, मूल हवंच होतं. पण आदल्या रात्रीपर्यंत ती कोलेस्टेरॉल कमी करणारी रोझुव्हास्टॅटिनची गोळी घेत होती. रोज, गेली सहा वर्षं. रेघा दिसल्यावर तिनं पहिलं काम केलं ते गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडण्याचं. पापडाहून पातळ कागद, घडीवर घडी, मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. मोबाईलच्या उजेडात तिनं ती ओळ शोधून काढली. गरोदरपणात निषिद्ध, असं त्या ओळीत म्हटलं होतं.

पुढचे दोन दिवस घरातल्या कुणालाच झोप नव्हती. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला म्हणाला, "ताई, ही चालत नाही हो गरोदरपणात." जिथं नाव घालायचं ठरलं होतं तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "रिस्क कशाला घ्यायची? अजून वेळ गेलेली नाही, विचार करा." कशाचा विचार करायचा ते त्यांनी उच्चारलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं. आणि माझी वहिनी, जिनं नवऱ्याला त्रेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकनं जाताना पाहिलं, ती डोळे पुसत म्हणाली, "विषाची परीक्षा कोण घेणार गं?"

विषाची परीक्षा कुणी घेऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण ते विष आहे हे कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर ठरवलं, हे तरी विचारावं की नाही? मी फार्मसीच्या मुलांना बावीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं. दर वर्षी फळ्यावर उभा तक्ता काढून, ही गोळी ज्या गटातली त्या ‘स्टॅटिन’ या शब्दापुढे ‘एक्स’ हे अक्षर लिहिलं आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. ते अक्षर कुठून आलं हे मी एकाही वर्गाला नीट सांगितलं नव्हतं. ते माझ्याच घरात येऊन बसलं, तेव्हा मात्र सांगणं भाग पडलं.

आपल्याकडे औषधाच्या बाबतीत ‘चालत नाही’ हे दोन शब्द फार सहज बोलले जातात आणि त्यांच्या पोटात तीन अगदी वेगळे अर्थ असतात. पहिला अर्थ, हे घेतलं तर बाळाला इजा होते. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनोइन असं आहे, फिट्सवरचं व्हाल्प्रोएट असं आहे. दुसरा अर्थ, नऊ महिने हे घेण्याची गरजच नाही, मग उगाच कशाला घ्या. तिसरा अर्थ, याचं काय होतं ते कुणी पाहिलेलंच नाही. बाईच्या कानावर मात्र तिन्ही वेळा एकच वाक्य पडतं आणि ती त्याचा पहिला, सगळ्यात भयंकर अर्थ घेते. तिनं दुसरा कुठला घ्यावा, अशी अपेक्षा तरी कशी करायची?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७९ मध्ये गरोदरपणासाठी औषधांचे पाच वर्ग पाडले: ए, बी, सी, डी आणि एक्स. ‘एक्स’मध्ये आयसोट्रेटिनोइन होतं, स्टॅटिन होतं आणि संततिनियमनाच्या गोळ्यासुद्धा होत्या. या गोळ्या चुकून गरोदरपणी घेतल्या म्हणून बाळात व्यंग येतं असा पुरावा नव्हता. गरोदर बाईला त्यांचा काहीच उपयोग नाही, म्हणून त्या तिथं बसवल्या होत्या. नियम तसाच होता: फायद्यापेक्षा धोका मोठा असेल तर ‘एक्स’. फायदा शून्य धरला की धोका कितीही बारीक असला तरी तो मोठाच ठरतो. स्टॅटिन त्या वर्गात गेलं ते बरंचसं याच हिशेबानं. दहा महिने गोळी थांबल्यानं रक्तवाहिनीत काही विशेष बिघडत नाही, कारण धमनीत चरबीचा थर साचायला दशकं लागतात. चार लोकांच्या बाबतीत हा हिशेब बरोबरच आहे. पाचव्याच्या बाबतीत तो चुकतो आणि माझी भाची पाचवी होती.

तरी भीतीला काहीच आधार नव्हता असं मी म्हणणार नाही. आधार होता आणि तो भक्कम होता.

जपानमधल्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी बुरशीचे सहा हजारांवर नमुने तपासून १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन शोधलं. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारा एक विकर असतो, त्यालाच हे औषध अडवतं. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन बाजारात आलं. पण ज्या कोलेस्टेरॉलला आपण उठता-बसता शिव्या घालतो, त्याच्याशिवाय गर्भ घडतच नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते लागतं. वार आईच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलपासूनच प्रोजेस्टेरॉन बनवते आणि त्याच्या जोरावर गर्भ टिकतो. चेहरा, मेंदूचे दोन भाग, हाताची बोटं कुठं घडायची याचा निरोप पेशींना पोचवणारं एक प्रथिन आहे. कोलेस्टेरॉलचा रेणू अंगाला चिकटल्याशिवाय त्याला आपलं काम धड करता येत नाही. शरीरात कोलेस्टेरॉल बनण्याची शेवटची पायरीच जन्मजात अधू असलेली मुलं असतात. त्या आजाराला स्मिथ-लेमली-ओपिट्झ म्हणतात. त्यांच्या टाळूला अनेकदा फट असते, पायाची बोटं जुळलेली असतात, बुद्धीची वाढ खुंटलेली असते. गरोदर बाईचं कोलेस्टेरॉल चौथाई ते निम्म्यानं वाढतं आणि ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होतात, तो आजार नसतो. शरीर बाळासाठी कोठी भरत असतं.

हे सगळं माहीत असताना, थॅलिडोमाइडनंतरच्या जगात, कोणता शास्त्रज्ञ स्टॅटिनला बिनधास्त हो म्हणाला असता? १९५७ मध्ये जर्मनीत आलेल्या त्या झोपेच्या औषधानं दहा हजारांवर मुलं हातापायांच्या व्यंगानिशी जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाची एक अधिकारी कंपनीच्या दबावापुढे अडून बसली, म्हणून तो देश बराचसा वाचला. त्या बाईबद्दल मला अपार आदर आहे. पण केल्सीबाईंनी कंपनीकडे पुरावा मागितला होता. पुढच्या पिढ्यांनी त्यांच्याकडून नुसतं ‘नाही’ म्हणणं उचललं आणि पुरावा मागायचा राहून गेला.

पुरावा पुढे कसा आला, ते पाहण्यासारखं आहे. उंदरांच्या माद्यांना प्रचंड मात्रेत लोव्हास्टॅटिन दिलं तेव्हा पिल्लांच्या हाडांत व्यंग दिसलं. पण ती मात्रा माणसाच्या मात्रेच्या कितीतरी पट होती. मग २००४ मध्ये एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आलं. पहिल्या तिमाहीत स्टॅटिन घेतलेल्या बायकांच्या ज्या नोंदी प्रशासनाकडे आल्या होत्या, त्यांतल्या तपासण्याजोग्या ५२ मध्ये २० बाळांत व्यंग होतं. पाचात दोन! वाचून अंगावर काटा येतो. मलाही आला होता आणि मी तो आकडा वर्गात सांगितलाही होता.

आता जरा थांबून विचार करा. अशी नोंद कोण पाठवतं? बाळात काही वावगं दिसलं की डॉक्टर कागद भरतात. गोळी घेतली, बाळ ठणठणीत झालं, बारसं झालं, पेढे वाटले, तर कोण कुठे कळवतं? गावातली किती माणसं आजारी आहेत हे दवाखान्याच्या रांगेत उभं राहून मोजलं तर गावात निरोगी माणूसच सापडायचा नाही. त्या पत्राला शंका उपस्थित करण्याचा पूर्ण हक्क होता. ती शंका पत्रकांत, पाठ्यपुस्तकांत आणि फळ्यांवर निकाल होऊन बसली, चूक तिथं झाली.

खरा हिशेब २०१५ मध्ये झाला. अमेरिकेतल्या गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतल्या २००० ते २००७ या काळातल्या ८,८६,९९६ गर्भधारणा संशोधकांनी तपासल्या. त्यांतल्या १,१५२ बायकांनी पहिल्या तिमाहीत स्टॅटिन घेतलं होतं. त्यांच्या बाळांत व्यंगाचं प्रमाण ६.३४ टक्के निघालं आणि बाकीच्यांच्यात ३.५५ टक्के. म्हणजे जवळपास दुप्पट. संशोधक इथंच थांबले असते तर ‘विष’ हा शब्द पक्का झाला असता. पण स्टॅटिन कोण घेतं? ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, वजन जास्त आहे, वय पुढे गेलंय, त्या बायका. आणि गरोदरपणाआधीपासून असलेला मधुमेह स्वतःच बाळाच्या हृदयाला आणि मणक्याला बाधतो, हे कधीचं ठाऊक आहे. सारख्याला सारखं लावून, मधुमेहीची तुलना मधुमेहीशीच करून पाहिली, तेव्हा १.७९ पट दिसणारा धोका १.०७ वर आला. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर फरक उरला नाही. दोष गोळी ज्या दुखण्यासाठी दिली त्या दुखण्याचा होता आणि तो इतकी वर्षं गोळीच्या नावावर लिहिला जात होता.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. त्या १.०७ च्या दोन बाजूंना ०.८५ आणि १.३७ अशी अनिश्चितता आहे. थोडासा वाढीव धोका या अभ्यासानं पूर्ण खोडून काढलेला नाही. तैवानच्या नोंदींवरून झालेल्या नंतरच्या एका अभ्यासात व्यंग वाढलेलं दिसलं नाही, पण कमी वजनाची आणि दिवस पूर्ण होण्याआधीची बाळं जास्त दिसली. म्हणून स्टॅटिन खुशाल घ्या, असं मी कुणालाही सांगणार नाही. साधं कोलेस्टेरॉल थोडं वाढलंय म्हणून गोळी घेणाऱ्या बाईनं दिवस राहिल्याचं कळताच ती थांबवावी आणि डॉक्टरांना सांगावं, हेच योग्य. मात्र ती थांबवताना तिच्या मनात आजवर घेतलेल्या गोळ्यांची धास्ती असू नये.

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनानं नेमकं हेच म्हटलं. स्टॅटिनवरचा ‘गरोदरपणात निषिद्ध’ हा सगळ्यात कडक इशारा काढायला त्यांनी कंपन्यांना सांगितलं. बहुतेक बायकांनी गोळी थांबवावी, नकळत घेतली गेली असेल तर बाळाला इजा होण्याची शक्यता कमी आहे, आणि ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलाय किंवा ज्यांचं कोलेस्टेरॉल जन्मजात भयानक वाढलेलं आहे त्यांच्याबाबत डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून ठरवावं, असा त्याचा सारांश. स्तनपान करताना मात्र गोळी नको, ही सूचना कायम राहिली. ए-बी-सी-डी-एक्स ही अक्षरं तर २०१५ पासूनच मोडीत निघाली होती, कारण एका अक्षरात इतकं सगळं मावत नाही हे त्यांनाही कळून चुकलं होतं. माझ्या भाचीच्या खोक्यातला कागद या निर्णयाच्या पाच महिन्यांनंतरचा. त्यात जुनीच ओळ होती.

एका ओळीनं काय होतं, असं कुणाला वाटेल. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाला तेव्हा ग्रीसमध्ये किरणोत्सर्ग इतका कमी पोचला होता की गर्भाला त्याची बाधा होण्यासारखी नव्हती. पण अफवा पोचल्या आणि सावध डॉक्टरांचे गोंधळलेले सल्ले पोचले. नंतर तिथल्या जन्मांच्या आकड्यांवरून संशोधकांनी अंदाज बांधला की सुमारे अडीच हजार हव्या असलेल्या गर्भधारणा केवळ भीतीपोटी संपवल्या गेल्या. गर्भपात हा बाईचा हक्क आहे आणि आपल्याकडे १९७१ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे, ते मला मोलाचं वाटतं. पण हक्क बजावायचा तर खरी माहिती हातात हवी. चुकीच्या माहितीवर बाईला ‘निर्णय’ घ्यायला लावणं हा तिच्या हक्काचाच अपमान आहे. "अजून वेळ गेलेली नाही" म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांवर माझा राग आहे तो यासाठी. त्यांनी धोका टाळला, पण कुणाचा?

दुसरी किंमत कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण ती वीस वर्षांनी वसूल होते. भाचीला जो आजार आहे त्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, उचलून घेणाऱ्या यकृतावरच्या ग्राहकात (रिसेप्टरमध्ये) जन्मजात खोट असते. हा ग्राहक शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आईबापांपैकी एकाकडून ही खोट आलेली माणसं साधारण अडीचशेत एक असतात. हेच प्रमाण धरलं तर एकट्या महाराष्ट्रात ती पाच लाखांच्या घरात जातात आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काही आहे हे माहीतच नसतं. माझ्या भावाला नव्हतं. तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी भाचीला चप्पल काढायला लावली आणि टाचेच्या वरचा जाड स्नायुबंध दोन बोटांत धरून पाहिला. दोरीला गाठी माराव्यात तसा तो खरखरीत लागत होता. ती साचलेली चरबी होती. भावाच्या टाचाही अशाच होत्या. आम्ही सगळे ते बुटांचे घट्टे समजत होतो.

अशा मुलीला ‘गर्भ राहण्याआधी तीन महिने गोळी बंद, मग नऊ महिने बंद, मग अंगावर पाजेपर्यंत बंद’ असं सांगितलं तर दोन मुलांच्या बाळंतपणांत सहज चार वर्षं जातात. गर्भ राहायलाच वेळ लागला तर आणखी. तिशीतली ही चार वर्षं, तीही एलडीएल गरोदरपणामुळे आणखी चढलेलं असताना. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना आजही तीन महिने आधी थांबायला सांगतात. अमेरिकेत दिवस राहिल्याचं कळल्यावर थांबलं तरी बहुतेकींना चालतं. एकाच औषधाबाबत दोन शहाण्या देशांत इतकं अंतर आहे. म्हणजे इथं निवड करायला जागा आहे आणि ती निवड बाईसमोर मांडली गेली पाहिजे. दोन्ही आईबापांकडून खोट आलेल्या क्वचित रुग्णांत तर एलडीएल पाचशेच्या वर असतं आणि विशीच्या आतच हृदयाच्या धमन्या तुंबू लागतात. तिथं गोळी बंद करणं हाच मोठा धोका असू शकतो. रक्तातून एलडीएल गाळून काढण्याचा उपाय आहे, आतड्यात पित्ताम्ल बांधून ठेवणारी कोलेस्टिरामाइनसारखी पूड आहे आणि ती रक्तात शोषलीच जात नाही. पण ‘चालत नाही’ म्हणून जो संवाद तिथंच तोडतो, तो या उपायांपर्यंत पोचतच नाही.

आणि एक गोष्ट मला फार लागते. इतकी वर्षं हे कुणी पाहिलं का नाही? कारण बघायचंच नाही असं ठरलेलं होतं. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळा, असं अमेरिकेच्या प्रशासनानं १९७७ मध्ये सांगितलं आणि ते १९९३ पर्यंत मागे घेतलं नाही. हेतू संरक्षणाचाच होता. पण चाचणीत बाई नाही, म्हणून माहिती नाही. माहिती नाही म्हणून औषध निषिद्ध, आणि निषिद्ध म्हणून पुन्हा चाचणीत बाई नाही. आपणही हे भोगलं. करोनाची लस १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली आणि गरोदर बायकांना ती खुली व्हायला २ जुलै उजाडला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती.

बघायचं ठरवलं की बघता येतं, याचा दाखलाही स्टॅटिनमध्येच आहे. गरोदरपणातला रक्तदाब वाढून जिवावर बेतणारा प्रीएक्लॅम्प्सिया प्राव्हास्टॅटिननं टळेल का, म्हणून संशोधकांनी बायकांना नीट समजावून, त्यांच्या संमतीनं हे औषध गरोदरपणातच दिलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,१०० वर बायका होत्या. दिवस भरत आल्यावर सुरू केलेल्या गोळीनं प्रीएक्लॅम्प्सिया काही टळला नाही. निराशा झाली खरी, पण ती माहिती होती. पन्नास नोंदींच्या भीतीपेक्षा ती कितीतरी मोलाची.

आपल्या देशात वर्षाला दोन कोटींवर बाळं जन्मतात. गावोगावी आशाताई गरोदर बाईची नोंद करतात, तिच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड असतं. त्या कार्डावर पहिल्या तीन महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि बाळंत झाल्यावर बाळ कसं होतं, एवढं जरी न चुकता लिहिलं गेलं, तरी स्टॅटिनच काय, थायरॉईडपासून मानसिक आजारापर्यंतच्या शेकडो औषधांचा जमाखर्च दहा वर्षांत आपला आपण मांडता येईल. आज आपल्या बायकांना मेडिकेडच्या आकड्यांवर विसंबावं लागतं. पंचविशीत मधुमेह, तिशीत अटॅक हे जिथं नवल राहिलेलं नाही, पस्तिशीत पहिलं मूल जिथं आता अगदीच विरळा राहिलेलं नाही, तिथं गोळी घेताना दिवस राहणाऱ्या मुली दर वर्षी वाढणारच.

त्या डिसेंबरात भाचीनं गोळी थांबवली ती त्याच रात्री. दुसऱ्या डॉक्टर शोधल्या. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढून तिला दाखवलं की मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आसपास मिटते, म्हणजे दोन रेघा उमटल्या त्याआधीच तो टप्पा पार पडलाय. दर शंभर बाळांत दोन-तीन बाळांत काही ना काही व्यंग असतंच, गोळी घेतली काय नि न घेतली काय, हेही त्यांनी लपवलं नाही. सोनोग्राफी झाली, पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाचीही झाली. सातव्या महिन्यात एलडीएल ३४० वर गेलं तेव्हा त्यांनी पूड सुरू केली. ती घशाखाली उतरवताना भाची नाक मुठीत धरायची. मुलगी झाली. सहा महिने अंगावर पाजलं आणि सातव्या महिन्यात स्वतः हिशेब करून, स्वतः ठरवून तिनं दूध सोडवलं आणि गोळी पुन्हा चालू केली.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. आजार तिच्यात उतरण्याची शक्यता निम्मी होती, म्हणून गेल्या महिन्यात तिचं रक्त तपासलं. एलडीएल २१५ आलं. आठ-दहा वर्षांची झाली की तिलाही गोळी लागेल. रिपोर्टचा कागद वहिनीनं बराच वेळ हातात धरून ठेवला, नातीच्या टाचेवरून एकदा अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "हिला दिवस जातील तेव्हा गं? तेव्हा चालेल ना?"

पंचवीस-तीस वर्षं आहेत आपल्याकडे, मी म्हटलं.